पस्तीसची लेन्स

माझ्या भाचीचा साखरपुडा तुळिंजला एका हॉलमध्ये झाला. खाली दुकानं, वर हॉल, एकही खिडकी बाहेर उघडत नाही आणि स्टेजच्या मागे जांभळ्या दिव्यांच्या माळा. ताईने फोटोग्राफर सांगितला नव्हता. "लग्नाला आणूच की. आता काय, घरचेच सगळे. आणि तुझ्याकडे एवढा मोठा कॅमेरा आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, त्यात काय एवढं!"

कॅमेरा होता, हे खरंच. आम्ही चंदनसारला फ्लॅट घेतला तेव्हा मागे डोंगर दिसायचा आणि सकाळी गॅलरीत तांबट, वेडा राघू असे पक्षी यायचे. मी शाळेत विज्ञान शिकवते. पुस्तकातले पक्षी मुलांना दाखवण्यापेक्षा इथलेच दाखवावेत म्हणून मी कॅमेरा घेतला. त्याच्यासोबत दोन लेन्स आल्या होत्या, एक आखूड, रोजच्या कामाची, आणि एक लांब, पक्ष्यांसाठी. रविवारी सकाळी उन्हात काढलेले माझे फोटो शाळेच्या फलकावर लागायचे. त्यामुळे घरात आणि शाळेत मी फोटो काढणारी बाई म्हणून ठरून गेले होते, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

साखरपुड्याला मी तीनशेच्या वर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर सगळे बरे दिसत होते. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले आणि हातातला चहा तसाच राहिला. फ्लॅश मारलेल्या फोटोंत माणसं पिठात बुडवल्यासारखी पांढरी आणि त्यांच्या मागे काळोख. फ्लॅश न मारलेल्या फोटोंत सगळं पिवळं आणि हललेलं. भाचीच्या बोटात अंगठी घालतानाचे अकरा फोटो होते. त्यातल्या एकातही अंगठी अंगठीसारखी नव्हती. नुसती एक चमकती रेघ होती, आणि मुलाच्या हाताला सात-आठ बोटं असावीत असं वाटत होतं.

भाची गोड आहे. ती म्हणाली, "मावशी, जाऊ दे ना, त्याच्या चुलतभावाने मोबाईलवर काढलेत, ते मस्त आलेत." मोबाईलवरचे फोटो खरोखरच चांगले होते. मी ते बघितले, छान आहेत म्हटलं, आणि माझा कॅमेरा कपाटात वरच्या खणात ठेवून दिला. महिनाभर काढला नाही. पक्षी येत होते, जात होते.

शाळेत मराठी शिकवणारी माझी एक मैत्रीण आहे, वटारची. मधल्या सुट्टीत डबा खाताना मी तिला हे सगळं सांगितलं. सांगताना हसत होते, पण तिला कळलं असावं. ती म्हणाली, "तू पप्पांना भेट. गावातल्या निम्म्या लग्नांचे फोटो त्यांनी काढलेत. चर्चमध्ये, ते पण रीळाच्या कॅमेऱ्यावर. रविवारी ये, आणि ते फोटो घेऊन ये."

"तेच फोटो?"

"तेच. चांगले बघून ते काय सांगणार?"

तिचे वडील निवृत्त शिक्षक. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, मीही सरच म्हणू लागले. रविवारी दुपारी मी स्कूटरवरून विरारचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरले. आगाशी मागे पडली की रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना वाड्या लागतात, केळी, नारळ, मध्येच सोनचाफ्याची झाडं. सरांचं घर अशाच एका वाडीत आहे. ते ओटीवर बसले होते. पंचाहत्तरीचा, सडपातळ माणूस, इस्त्रीचा शर्ट, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी उजवा हात मांडीवर डाव्या हाताखाली धरून ठेवला होता. थोड्या वेळाने त्यांनी चहाचा कप डाव्या हाताने उचलला तेव्हा माझ्या लक्षात आलं की उजवा हात सारखा थरथरतो. कॅमेरा त्यांनी तीन वर्षांपूर्वी सोडला तो त्यामुळेच, असं मैत्रिणीने मला नंतर सांगितलं.

सरांनी माझ्या लॅपटॉपवर साखरपुड्याचे फोटो बघितले. तीनशे फोटो, एकेक करून. मी दोनदा म्हटलं, "सर, पुढचे सगळे असेच आहेत." ते म्हणाले, "बघू द्या हो." अंगठीच्या फोटोपाशी थांबले. "शटरचा वेग किती होता?"

मला तो कुठे लिहिलेला असतो हेही शोधावं लागलं. सेकंदाचा पंधरावा भाग होता.

"बाई, पक्षी फांदीवर गप्प बसतो. माणूस बसतो का?" सर म्हणाले. "अंगठी घालताना तो मुलगा घाबरलाय, मुलीचा हात हलतोय, मागून कोणीतरी त्याला ढोसतंय. तुम्ही कितीही श्वास रोखून कॅमेरा धरलात तरी ते हलणारच. तुमचा हात हलणं वेगळं आणि समोरचा हलणं वेगळं. पहिल्याला औषध कॅमेऱ्यात असतं. दुसऱ्याला एकच औषध, वेग. माणसं असतील तिथे पंधरावा भाग नाही, सव्वाशेवा; त्याच्या खाली यायचं नाही. नाचत असतील तर अडीचशे."

"पण मग फोटो काळा येतो."

"येणारच. मग लेन्सचं तोंड मोठं पाहिजे, नाहीतर कॅमेऱ्याची नजर वाढवायची, तो तुमचा आयएसओ. नजर वाढवली की फोटोत दाणे येतात. येऊ द्या. दाणे कोणी बघत नाही."

मग त्यांनी माझी परीक्षा घेतली. स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी पाटावर बसून वाल सोलत होत्या. खिडकीचं एक दार बंद होतं, आत मंद उजेड. "मावशींचा फोटो काढा. फ्लॅश नाही," सर म्हणाले. मी लेन्सचं तोंड होतं तेवढं उघडलं, वेग सव्वाशेवर ठेवला. फोटो अंधारलेला आला. आयएसओ वाढवत वाढवत नेला, तेव्हा कुठे मावशींचा चेहरा दिसायला लागला, पण भरड, जुन्या वर्तमानपत्रातल्यासारखा. मावशींनी मान वर न करता सरांना त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हटलं. मी साताऱ्याकडची, मला त्या बोलीतलं अर्धंच कळतं. मैत्रीण हसत म्हणाली, "आई म्हणतेय, लग्नाला पन्नास वर्षं होत आली, अजून ह्यांना माझ्या स्वयंपाकघरातला उजेड पुरत नाही."

सरांनी फोटो पाहिला. "तुमचा कॅमेरा ठीक आहे. लेन्स गरीब आहे. दिवसाची लेन्स आहे ती. एकच घ्या, पण तोंड मोठं असलेली घ्या. आणि तिला झूम नको."

घरी आल्यावर मी हे नवऱ्याला सांगितलं. तो मुंबईच्या ऑफिसातून दमून येतो, पण खरेदीचा विषय निघाला की त्याला हुरूप चढतो. त्याने दोन संध्याकाळी व्हिडिओ बघून एक तक्ता केला. नवा, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, मोठा झूम, वेगळा फ्लॅश. तक्त्यात हिरवे-लाल रंग भरले होते. त्याचा कल नव्या कॅमेऱ्याकडे होता. "अगं, एकदाच काय ते चांगलं घेऊन टाक," तो म्हणाला. त्यातला मोठा झूम मी एका दुकानात हातात घेऊन पाहिला. दोन मिनिटांत मनगट दुखायला लागलं. ते घेऊन चार तास लग्नात उभी राहणारी बाई मी नव्हे, हे मला तिथेच कळलं.

पण झूम नको म्हटलं तरी कोणती लेन्स? सगळे व्हिडिओवाले पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची, घ्या सांगत होते. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "माझ्याकडेही पन्नासचीच होती, पण माझं रीळ मोठं होतं. तुमच्या कॅमेऱ्यातला सेन्सर लहान, त्यात पन्नासने घरातल्या माणसाचा फोटो काढायला शेजारच्या गॅलरीत जावं लागेल. माझं ऐकू नका, स्वतः बघा. तुमच्या आखूड लेन्सवर आकडे आहेत ना? ती पस्तीसवर फिरवा आणि चिकटपट्टी लावून टाका. चार दिवस घरात तेवढ्यावरच फोटो काढा. मग पन्नासवर लावा, चार दिवस."

मी तसं केलं. शाळेच्या प्रयोगशाळेतली काळी चिकटपट्टी आणून लावली. पस्तीसवर असताना जेवणाच्या टेबलाशी बसलेला नवरा आणि सासूबाई दोघंही फोटोत मावत होते, त्यांची ताटंही. पन्नासवर लावल्यावर दोघांना घ्यायचं तर मी मागे मागे सरकत फ्रिजला टेकले. तरी सासूबाईंचा खांदा कापला जात होता. चौथ्या दिवशी मागे सरकताना मी पिण्याच्या पाण्याचा हंडा पाडला. सासूबाई म्हणाल्या, "त्या पट्टीचं काय ते एकदा ठरव बाई." ठरलंच होतं. आमच्याकडचे समारंभ घरात, नाहीतर लहान हॉलमध्ये होतात. मागे सरकायला जागा कुठे असते?

पस्तीसची लेन्स मी वसईतल्या एका दुकानात घेतली. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, चुणचुणीत. मी कॅमेरा पिशवीतून काढला तसं तिने नवीन कॅमेऱ्याचं माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवलं.

"मॅडम, ह्या बॉडीला लो लाइट बहोत अच्छा आहे. तुमचं मॉडेल जुनं झालं."

"मला लेन्स लावून बघायची आहे. जरा आतल्या बाजूला बघू का? आणि ही ट्यूब बंद कराल?"

"ट्यूब बंद?"

"अंधारात बघायची आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसली आणि तिने खरंच ट्यूब बंद केली. मागच्या खोलीत खोक्यांच्या ढिगाजवळ एक पिवळा दिवा होता. मी तिलाच तिथे उभं केलं आणि म्हटलं, टाळ्या वाजवा. वेग सव्वाशे, लेन्स पूर्ण उघडी. पडद्यावर तिचे दोन हात आले, दहा बोटं, नखांवरच्या नेलपॉलिशसकट. तिने फोटो बघितला आणि म्हणाली, "हा मला पाठवाल?" त्या दिवशी दुकानातून बाहेर पडताना मी फार खूश होते. स्कूटर चालू करायच्या आधी मी पिशवी उघडून ती लेन्स पुन्हा एकदा बघितली.

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर बारसं होतं, तिथे पहिला प्रयत्न केला. खोलीत तीसेक बायका आणि मधोमध पाळणा. फोटो उजळ आले, रंग आले, पाळण्याला लावलेला झेंडू झेंडूसारखा दिसला. पण एक नवीनच गोम निघाली. बाळाचं नाक स्पष्ट आणि डोळे पुसट, आई स्पष्ट आणि आत्या धुरात. लेन्सचं तोंड एवढं उघडलं की तीक्ष्ण दिसणारी पट्टी कागदाएवढी पातळ होते, हे मी मुलांना भिंगाच्या धड्यात शिकवत आले होते, पण ते माझ्या बाबतीत खरं होईल असं वाटलं नव्हतं. एक माणूस असेल तर पूर्ण उघडायचं, दोघं-तिघं असतील तर थोडं मिटायचं आणि सगळ्यांना एका रेषेत उभं करायचं, हे मी त्या बारशात शिकले. आत्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

मध्ये मी दोन-तीन रविवार वटारला जात राहिले. फोटो दाखवायला म्हणून जायचे आणि जेवूनच निघायचे. असंच एकदा सरांनी त्यांचा लग्नाचा अल्बम दाखवला. अल्बममध्ये एकच फोटो. चर्चच्या दारातला, उन्हात काढलेला, आणि त्यात मावशींचे डोळे मिटलेले.

"बाकीचे?" मी विचारलं.

"आतले सगळे काळे निघाले," सर म्हणाले. "फोटोग्राफर दुसऱ्या गावचा होता. त्याच्या फ्लॅशने दगा दिला. बिचारा आठ दिवसांनी सांगायला आला आणि ओटीवर बसून रडला. मीच त्याला चहा दिला. पण ही महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही, जसं काही मीच फ्लॅश बिघडवला."

मावशी आतून म्हणाल्या, "महिना नाही, पंधरा दिवस."

त्याच वर्षी सरांनी पगारातून कॅमेरा घेतला आणि उजेड कमी असताना फोटो कसा काढायचा ते शिकले. मग गावात कोणाचं लग्न असो, बाप्तिस्मा असो, सरच. शाळा सुटली की कॅमेरा गळ्यात. मैत्रीण म्हणाली, "गावातल्या कुठल्याही घरचा अल्बम उघड, पप्पा कुठेच नाहीत. आमच्या अल्बममध्ये पण नाहीत. लहानपणी चर्चमध्ये आमचा पहिल्या कम्युनियनचा विधी झाला, त्या फोटोत आई आहे, मामा आहे, फादर आहेत. पप्पांचा फक्त हात आहे एकात, आरशात."

सर आणि मावशींच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. मुलांनी मोठा बेत केला. चर्चमध्ये संध्याकाळची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, त्यात दोघांनी पुन्हा वचनं घ्यायची, अंगठ्या द्यायच्या, आणि मग चर्चच्याच हॉलमध्ये जेवण. नायगावच्या एका नामवंत फोटोग्राफरला बोलवायचं मुलाच्या मनात होतं, चार माणसं आणि छत्रीचे दिवे घेऊन येणारा. सर ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बाई काढतील."

मी मैत्रिणीला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, एकदा आतले सगळे काळे निघालेत. दुसऱ्यांदा माझ्यामुळे नकोत."

ती म्हणाली, "त्यांनाच सांग."

मी सांगितलं. सर म्हणाले, "काळे नाही निघणार. तुम्ही आता आधी उजेड बघता. शनिवारी मिस्सेच्याच वेळेला चर्चमध्ये येऊ, बघून ठेवू."

शनिवारी संध्याकाळी चर्च रिकामं होतं. सर पहिल्या बाकावर जाऊन बसले, उद्या बसणार होते तिथे, आणि मी चारही बाजूंनी फिरून पाहिलं. छत इतकं उंच की फ्लॅश वर मारून काही उपयोग नव्हता, आणि तसाही फादरनी फ्लॅश नको सांगितलं होतं, वेदीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत हेही. पस्तीसने बाजूच्या मोकळ्या जागेतून सर करंगळीएवढे दिसत होते. म्हणजे इथे लांबची लेन्स हवी, आणि तीही मोठ्या तोंडाची. माझी पक्ष्यांची लांब लेन्स लावून बघितली. पडद्यावर रात्र झाली.

"पंच्याऐंशीची," सर बाकावरून म्हणाले. "विकत नका घेऊ. एका दिवसापुरती भाड्याने आणा."

मग मी कॅमेऱ्याचा आवाज बंद करून पाहिला. मिस्सा चालू असताना खटखट नको म्हणून मी मूक शटर वापरायचं ठरवलं होतं. फोटोत आडव्या काळ्या पट्ट्या आल्या, चटईसारख्या. पुन्हा काढला, पुन्हा पट्ट्या. मी घाबरून सरांकडे गेले. रीळाच्या माणसाला हे नवीन होतं. त्यांनी चष्मा लावून पडदा बघितला, मग वर बघितलं. "हे नवे दिवे आहेत, एलईडी. ट्यूबसारखे हे पण लुकलुकत असतील, आपल्याला दिसत नाही एवढंच. जुनं शटर लावून बघा, आवाजाचं." लावलं, पट्ट्या गेल्या. सर लहान मुलासारखे खूश झाले. "आवाजाची काळजी करू नका. गाणं सुरू झालं की काढायचे, गाणं थांबलं की हात खाली. मी तसंच करायचो."

दुसऱ्या दिवशी मी रबरी तळव्याच्या चपला घालून गेले. नालासोपाऱ्याहून आणलेली पंच्याऐंशीची लेन्स कॅमेऱ्यावर आणि पस्तीसची पिशवीत. चर्च भरलं होतं. सरांनी करड्या रंगाचा सूट घातला होता. मावशींनी लाल लुगडं नेसलं होतं, वसईकडच्या पद्धतीचं, गळ्यात जुने दागिने. मी बाजूच्या खांबाला टेकले. टेकलं की हात स्थिर राहतो, हेही सरांचंच.

अंगठीची वेळ आली. अंगठी सरांनी उजव्या हाताने घ्यायची होती. तो हात थरथरत होता, नेहमीपेक्षा जास्तच. फादर तबक पुढे धरून थांबले. गाणं चालू नव्हतं, चर्चमध्ये एवढी शांतता की पंख्यांचा आवाज येत होता. सरांना अंगठी उचलता येईना. एकदा हातातून निसटून तबकात पडली, टण्ण आवाज झाला. तेव्हा मावशींनी आपला हात पुढे करून त्यांच्या मनगटाखाली धरला, ओझं उचलताना आधार देतात तसा. दोघांनी मिळून अंगठी उचलली आणि दोघांनी मिळून मावशींच्या बोटात घातली. मी नियम मोडला. गाणं नसताना तीन वेळा शटर वाजलं. फादरनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बहुधा ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असेल तरी राहू दिलं असेल. माझे डोळे भरून आले होते आणि मी फोकस नीट आहे की नाही हे बघूही शकत नव्हते. कॅमेऱ्याच्या भरवशावर काढले.

हॉलमध्ये पस्तीसची लेन्स लावली आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तेलात तळलेले पावासारखे फुगे आणि मटण यांचा वास, बँडवाल्यांची पितळी वाद्यं, खुर्च्यांवर चढलेली लेकरं. नाचणाऱ्यांमध्ये मी घुसले तरी कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, इतकी ती लेन्स लहान. फक्त एकच अडचण होत होती. मी घरच्यांना फोटोसाठी उभं करायचे, सर मध्ये, मावशी शेजारी, मुलं-नातवंडं दोन्ही बाजूंना. मी कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि सर रांगेत नसायचे. ते माझ्या शेजारी येऊन उभे असायचे.

"डावीकडच्यांना जरा आत घ्या," ते माझ्या कानाशी म्हणायचे. "आणि धाकट्याला पुढे."

"सर, तुम्ही तिकडे!"

"हो हो, जातो." आणि जायचे. पुढच्या फोटोला पुन्हा माझ्याजवळ. असं तीनदा झालं. सगळा हॉल हसायला लागला. शेवटी मावशी रांगेतून निघाल्या, त्यांनी सरांचा कोट धरला आणि ओढत नेऊन मध्ये उभं केलं. हात सोडलाच नाही. घरच्या बोलीत त्यांनी जे काही सुनावलं त्यावर पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका टाळ्या पिटत हसत होत्या. मला या वेळी एकही शब्द कळला नाही आणि कळायची गरजही पडली नाही.

घरी येऊन मी आधी कॉम्प्युटर उघडला. नवरा शेजारी खुर्ची ओढून बसला. चर्चमधले तीन फोटो. पहिला हुकला होता, मावशींच्या पदरावर फोकस. दुसरा आणि तिसरा बरोबर. चार हात, एक अंगठी, प्रत्येक बोट वेगळं. दाणे होते, भरपूर होते. नवरा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ते नव्या कॅमेऱ्याचं राहू दे."

पुढच्या रविवारी फोटो घेऊन वटारला गेले. सर ओटीवर वाटच बघत होते. दुसरा फोटो आला तेव्हा त्यांनी विचारलं, "वेग?"

"अडीचशे. तुमचा हात... म्हणून."

"बरं केलंत," ते म्हणाले. मावशी पदराला हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी फोटो बघितला. "मी जाड दिसते यात," त्या म्हणाल्या, पण पुढचा फोटो आला तरी त्यांनी मला मागचाच परत लावायला सांगितला. मग त्यांनी शेजारणीला हाक मारली, शेजारणीने आपल्या सुनेला, आणि ओटीवर सात-आठ बायका जमल्या. कोणी कोणाशी नाचलं, कोण किती जेवलं, याची चर्चा सुरू झाली. चाळीस फोटो छापायचे ठरले होते, ते वाढून साठ झाले. सर मध्येच कुणाच्या तरी नाकावर चमक आली आहे असं काहीतरी सांगत होते आणि त्यांच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

बायका गेल्यावर मावशींनी ताटलीत सुकेळी आणून ठेवली, त्यांच्याच वाडीतली केळी वाळवून केलेली. मी एक तोंडात टाकली. सर माझा कॅमेरा डाव्या हाताने न्याहाळत होते, ती लहानशी लेन्स उलटसुलट करत. मग त्यांनी उजवं कोपर ओटीच्या कठड्यावर घट्ट रोवलं, कॅमेरा दोन्ही हातांनी कपाळाशी दाबून धरला आणि म्हणाले, "दोघी जरा जवळ बसा."

"मावशी, तोंडात सुकेळी आहे," मी कसंबसं म्हटलं.

"असू दे," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या गळ्यात हात टाकला. शटर वाजलं. सरांनी पडदा जवळ धरून बघितला, चष्मा वर सरकवून पुन्हा बघितला. "थोडा वाकडा आलाय," ते म्हणाले, आणि लगेच दुसरा काढायला कोपर पुन्हा कठड्यावर टेकवलं.